काळ्या कातळाखालचं खोरं कसं वाचावं

तेलाच्या शोधात नव्याने पडलेल्या माणसाची नजर आधी जाते ती घुमटाकडे. सिस्मिकच्या पटावर थर वर उचललेले दिसले की बोट तिथे टेकतं आणि विहीर तिथेच घ्यावीशी वाटते. घुमट ही तेल थांबू शकेल अशी जागा, एवढंच. तेल तयार झालं का, ते या वाटेने आलं का आणि आलं तेव्हा घुमट जागेवर होता का, हे सिस्मिक सांगत नाही. ते खडकाच्या चिमूटभर भुकटीतून काढावं लागतं. भूभौतिकी जागा दाखवते, भूरसायन माल आणि त्याचा काळ सांगतं. हे दोन अहवाल वेगवेगळ्या फायलींत राहिले की पैसा कोरड्या विहिरीत जातो.

हा लेख भूशास्त्र किंवा भूभौतिकी घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या आणि नोकरीत नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरण मुद्दाम घरचं आणि अवघड घेतलं आहे: दख्खनच्या बेसॉल्टखाली दडलेली गाळाची खोरी.

अवघडाकडे जाण्याआधी सोपं उदाहरण पाहू. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. हा उंचवटा त्याआधीच्या सागरी सिस्मिक पाहणीत दिसला होता. पण त्यातलं तेल त्या चुनखडकात जन्मलेलं नाही. ते प्रामुख्याने आजूबाजूच्या खोलगट भागांतल्या, त्याहून जुन्या पन्ना फॉर्मेशनच्या शेलमध्ये तयार झालं आणि सरकत सरकत उंचवट्यावर येऊन थांबलं. नुसत्या उंचवट्याचा नकाशा पाहणाऱ्याला हे कळलं नसतं. म्हणून कोणत्याही खोऱ्यात पहिला प्रश्न उंचवट्याचा नसावा. सगळ्यात खोल भाग कुठे, तिथे काय शिजलं आणि कधी, हे आधी विचारावं.

आता जमिनीवर येऊ. दख्खनचा बेसॉल्ट आज साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्याने झाकला आहे. त्याच्या खाली सगळीकडे गाळाचे खडक आहेत असं मानणं ही पहिली चूक. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या 617 मीटरच्या विहिरीत 338 मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचे खडक आणि मग थेट पुराणा पायाखडक. कोयना परिसरात रासाटीला घेतलेल्या विहिरीत सुमारे 930 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली सरळ ग्रॅनाइट-नाईस लागला, मधे गाळ नाहीच. याउलट राजकोटजवळच्या लोधिकाला सुमारे दीड किलोमीटर बेसॉल्ट पार केल्यावर मध्यजीवी काळातले गाळाचे खडक मिळाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले के. एल. कैला यांनी खोल सिस्मिक नोंदींवरून 1988 साली नर्मदा-तापी पट्ट्यात बेसॉल्टखाली एक छुपं मध्यजीवी खोरं असल्याचा निष्कर्ष मांडला. म्हणजे धुळे-जळगावच्या बाजूचा प्रश्न साताऱ्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे. कामाला लागण्याआधी जवळपासच्या सगळ्या विहिरी नकाशावर टिपून घ्या, पाण्यासाठी किंवा भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्याही. तेल कंपनीची विहीर नाही म्हणून माहिती नाही, असं नसतं.

कातळाच्या पलीकडचं ऐकणं

बेसॉल्ट सिस्मिकला का छळतो, हे एखाद्या घाटातला कापलेला कडा पाहिला की समजतं. एकसंध कातळ तिथे नसतोच. एकावर एक लाव्हाचे थर असतात, प्रत्येकाचा माथा पोकळ्यांनी भरलेला, तळ घट्ट आणि दोन थरांमध्ये मधूनमधून तांबड्या मातीची पट्टी, म्हणजे रेड बोल. घट्ट बेसॉल्टमधून लहर सेकंदाला 5 किलोमीटरच्या आसपास पळते, पोकळ माथ्यात आणि लाल पट्टीत ती अडखळते. असे चढउतार शंभर वेळा झाले की बारीक, उच्च वारंवारतेची लहर विखरून संपते. वाड्याच्या जाड भिंतीपलीकडचं बोलणं कानावर येतं तेव्हा शब्द कळत नाहीत, पण पुरुषाचा जड आवाज तेवढा पोचतो; तसंच इथे होतं. म्हणून बेसॉल्टखाली पाहायचं तर कमी वारंवारतेची ऊर्जा, मोठा स्रोत आणि लांब अंतरावर मांडलेले जिओफोन लागतात. नेहमीच्या मापाने घेतलेली 2डी रेषा कितीही वेळा प्रोसेस केली तरी जी ऊर्जा नोंदलीच गेली नाही ती त्यातून निघणार नाही. जुना डेटा पुन्हा प्रोसेस करण्यावर खर्च करण्याआधी मूळ नोंदीत 10 हर्ट्झच्या खाली काही आहे का, ते तपासा.

अपवर्तनाच्या, म्हणजे रिफ्रॅक्शनच्या नोंदीत एक खूण मात्र फार उपयोगी पडते. पहिल्या लहरींची रांग बेसॉल्टच्या वेगाने छान तिरकी जात असते. मग एका अंतरानंतर ती फिकी पडते, तुटते आणि पायाखडकाची वेगवान रांग सुरू होते, पण आधीच्या रांगेला जोडून नाही. काही दशांश सेकंद उशिरा, खाली सरकून. या उडीला ‘स्किप’ म्हणतात. वेगवान थराखाली मंद थर असेल तर त्याच्या माथ्यावरून पहिली लहर परतत नाही, तिची फक्त उशीर झाल्याची खूण उरते. त्या उशिरावरून मंद थराची जाडी काढता येते. अट एकच: त्याचा वेग कुठून तरी वेगळा माहीत हवा. सगळा घोळ इथेच होतो आणि भूभौतिकीच्या बाकीच्या पद्धती नेमक्या इथेच कामाला येतात.

समजा एका रेषेवर बेसॉल्टचा तळ आणि पायाखडक यांच्या परावर्तनांत 0.6 सेकंदाचं अंतर आहे. लहर जाऊन येते, तेव्हा एकेरी वेळ 0.3 सेकंद. वेग सेकंदाला 3.5 किलोमीटर धरला तर गाळाची जाडी 1,050 मीटर येते, 4.5 धरला तर 1,350 मीटर. फरक 300 मीटरचा. आता गुरुत्वाची साक्ष काढा. सपाट पसरलेल्या थरासाठी साधा हिशोब असा: 41.9 गुणिले घनतेतला फरक गुणिले किलोमीटरमधली जाडी, उत्तर मिलिगॅलमध्ये. ग्रॅनाइटची घनता 2.67 आणि गाळाची 2.42 धरली, तर 1,050 मीटर गाळ सुमारे 11 मिलिगॅलची घट दाखवेल. प्रत्यक्षात 5 मिलिगॅलचीच घट दिसली तर? जाडी निम्मी करून मोकळं होता येत नाही. कारण मग 0.6 सेकंदासाठी वेग सेकंदाला पावणेदोन किलोमीटर लागेल आणि इतका मंद खडक दीड किलोमीटर बेसॉल्टच्या ओझ्याखाली टिकत नाही. मग गाळ समजलो त्यापेक्षा घट्ट, सिमेंटने जुळलेला असावा. तसं असेल तर त्याचा वेगही जास्त आणि जाडीही जास्त. म्हणजे जाडी वाढली, पण सच्छिद्रता घटली. साठा म्हणून ही काही आनंदाची बातमी नव्हे.

गुरुत्वाचा आणखी एक सापळा लक्षात ठेवा. ज्या खड्ड्यात गाळ जाड, त्यात लाव्हाही जास्त भरला असण्याची शक्यता असते. बेसॉल्टची घनता 2.85 धरली, तर 1.4 किलोमीटर जादा बेसॉल्ट साधारण साडेदहा मिलिगॅलची वाढ देतो आणि वरच्या उदाहरणातली गाळाची घट जवळजवळ पुसून टाकतो. नकाशा सपाट दिसतो आणि सगळ्यात चांगलं खोरं नजरेतून निसटतं. म्हणून बेसॉल्टची जाडी दुसऱ्या पद्धतीने ठरवून तिचा परिणाम वजा केल्याशिवाय गुरुत्वाच्या नकाशावर रंग भरू नयेत. रंगीत नकाशा बैठकीत फार लवकर खरा वाटायला लागतो. उलट बाजूही आहे: पायाखडकातली हलकी ग्रॅनाइटची घुसणसुद्धा घट दाखवते आणि तिच्यात तेल नसतं.

चुंबकीय मोजमापाबद्दल थोडक्यात. बेसॉल्ट स्वतःच इतका चुंबकीय असतो की खालच्या पायाखडकाचा क्षीण आवाज त्यात बुडतो. डाइक आणि मोठे भ्रंश ओळखायला ते वापरा, गाळाची जाडी काढायला नको.

मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे एमटी, ही बेसॉल्टखाली माझ्या मते सर्वात कमी वापरली गेलेली पद्धत आहे. बेसॉल्ट विजेला बऱ्यापैकी अडवतो, ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जास्त आणि मधला खाऱ्या पाण्याने भरलेला गाळ मात्र वीज सहज जाऊ देतो. दोन अडवणाऱ्या थरांमधला वाहक थर एमटीला नीट दिसतो. पण तिला दिसते ती थराची एकूण वाहकता, म्हणजे जाडी भागिले विद्युतरोध. 1,000 मीटर जाड, 20 ओहम-मीटरचा थर आणि 500 मीटर जाड, 10 ओहम-मीटरचा थर, दोन्हींची वाहकता 50 सीमेन्सच. नुसत्या एमटीवरून कोणी जाडी ठणकावून सांगितली तर तिथेच थांबवा. सिस्मिकची जाडी घालून मग विद्युतरोध काढा. तो खूप कमी आला तर चिकणमातीचा शेल, जास्त आला तर घट्ट वालुकाश्म किंवा चुनखडक असा अंदाज बांधता येतो.

शिवारात एमटी मांडताना आपल्याकडचा एक त्रास पुस्तकांत सापडत नाही. रात्री विजेचा गोंगाट कमी असतो, रात्रभर नोंद ठेवा, असा सल्ला सर्वत्र मिळतो. आपल्याकडे शेतीपंपांना रात्रपाळीची वीज असेल तर नेमका रात्रीच गोंगाट वाढतो. गावात विचारून वीज कधी जाते त्याचं वेळापत्रक घ्या. लोडशेडिंगचे तास एमटीवाल्याला लाभतात. शिवाय दूरवर, विजेच्या आणि रेल्वेच्या तारांपासून लांब, एक संदर्भ केंद्र एकाच वेळी चालू ठेवा. 1 हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक संकेत मुळातच दुबळा असतो आणि काही किलोमीटर खोलीची माहिती बऱ्याचदा त्याच पट्ट्यात असते.

भुकटी काय सांगते

इथवरचं सगळं जागेबद्दल झालं. माल आहे का, हे पाहायला नमुना लागतो. विहिरीचे कटिंग्ज, कोअर किंवा खोऱ्याच्या कडेला उघडे पडलेले तेच थर, यांपैकी काहीतरी. वर्धा खोऱ्यातले गोंडवाना खडक, नर्मदेच्या बाजूचे बाघ थर हे असे कडेचे नमुने आहेत. बेसॉल्टखाली काय गेलं असेल याची निदान एक झलक तिथे मिळते.

नेहमीची चाचणी रॉक-इव्हल. चिमूटभर भुकटी 300 अंश सेल्सिअसवर धरतात, तेव्हा आधीच मोकळं असलेलं तेल निघतं, तो एस1. मग तापमान मिनिटाला 25 अंशांनी वाढवत नेतात. सेंद्रिय पदार्थ फुटून जे निघतं तो एस2 आणि तो ज्या तापमानाला सर्वाधिक असतो त्यावरून टीमॅक्स. सोबत एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी. ढोबळ मापं अशी: शेलमध्ये टीओसी अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर आशा कमी, 2 टक्क्यांवर असेल तर उत्तम, टीमॅक्स 435 ते 470 अंश म्हणजे साधारण तेलाची खिडकी, व्हिट्रिनाइटची परावर्तकता 0.6 ते 1.3 टक्के म्हणजे तेल आणि 2 च्या वर गेली की कोरडा वायू.

मापं पाठ करणं सोपं आहे. फसगत होते ती दुसरीकडे. एस2 खडकाच्या ग्रॅममागे 0.2 मिलिग्रॅमहून कमी असेल तर टीमॅक्स विसरा, तो आकडा यंत्राने दिला म्हणून खरा ठरत नाही. एस1 अचानक वाढला तर आनंदण्याआधी ड्रिलिंगचा रोजचा अहवाल काढून त्या खोलीवर चिखलात काय मिसळलं ते बघा. डिझेल, लिग्नाइट, गिल्सोनाइट हे सगळे पदार्थ सेंद्रिय आहेत आणि प्रयोगशाळेला ते खडकातले वाटतात. कटिंग्जमध्ये वरच्या थरातून कोसळलेले तुकडे असतात. म्हणून भिंगाखाली शेलचे तुकडे हाताने वेचून पाठवा, पिशवीतला सरसकट माल नको. आणि खोल, शिजून गेलेल्या खडकाचा आजचा टीओसी हा उरलेला टीओसी आहे. तो 0.8 टक्के आला म्हणून तो नेहमीच गरीब होता असं नाही. तेल देऊन झाल्यावर जे उरलं ते तुम्ही मोजताय.

बेसॉल्टच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट घडते. लाव्हा वर पसरण्याआधी तो गाळातून डाइक आणि सिल होऊन घुसतो. सिलच्या वर-खाली, साधारण तिच्या जाडीइतक्या किंवा दुप्पट अंतरापर्यंत, खडक भाजून निघतो. त्या पट्ट्यातला व्हिट्रिनाइटचा नमुना 2.5 टक्के दाखवेल आणि अहवालात “अतिपक्व खोरं” असा शेरा पडेल. मग सिस्मिक बघा: त्या खोलीवर बशीसारखं वाकलेलं, लख्ख, थरांना छेदणारं परावर्तन आहे का? असेल तर ती सिल असू शकते आणि नमुना तिच्या शेजारचा. तसं ठरलं तर तो आकडा खोऱ्याचा नव्हे, त्या सिलचा. इथे सिस्मिकने भूरसायनाला वाचवलं. उलटही होतं: नुसती परावर्तकता खोलीनुसार मांडली आणि ती मधेच उडी मारून पुन्हा खाली आली तर न दिसलेली सिल तिथे आहे हे सिस्मिकवाल्याला सांगता येतं.

तेलाचा किंवा वायूचा अंश मिळालाच तर तो कुठल्या खडकाचा, हे जैवखुणांवरून काढतात. यातला ओलिअनेन आपल्या कामाचा. तो सपुष्प वनस्पतींपासून येतो आणि क्रेटेशस काळाच्या उत्तरार्धाआधीच्या खडकांत क्वचितच भेटतो. खंबात खोऱ्यासारख्या ठिकाणी बेसॉल्टच्या वर तृतीयक काळातला शेल आहे आणि खाली मध्यजीवी गाळ असू शकतो. तेलात ओलिअनेन भरपूर असेल तर ते वरच्या तरुण शेलचं असण्याची शक्यता मोठी. बेसॉल्टखालून तेल मिळालं एवढ्यावरून खालचं खोरं पिकलं असं जाहीर करू नये. भ्रंशाच्या वाटेने तेल वरून शेजारी आणि खालीही सरकू शकतं.

विहीर नसताना मातीतला शोषलेला वायू मोजतात. एक-दोन मीटर खोलीवरची माती घेऊन आम्लाने वायू मोकळा करतात. मिथेनवर विश्वास ठेवू नका, तो शेणखतातून आणि पाणथळ जागेतूनही येतो. इथेन आणि प्रोपेन मोजा, कारण जंतू ते फारसे बनवत नाहीत. मिथेनमधल्या कार्बनचं समस्थानिक मूल्य उणे 60 च्या आसपास किंवा त्याहून हलकं असेल तर जंतूंचं काम, उणे 50 ते 30 च्या दरम्यान असेल तर खोलवरची उष्णता. आपल्या काळ्या मातीचा दोष असा की तिची बारीक चिकणमाती वायू जास्त धरून ठेवते. मुरमाड उतारावरचा नमुना आणि नदीकाठच्या काळ्या रानातला नमुना एकाच मोजपट्टीवर ठेवला तर काळं रान नेहमीच जिंकेल. मातीचा प्रकार नोंदवा, नमुने त्यानुसार गटांत पाडा, मग तुलना करा. दुसरं, वायू बेसॉल्टमधून सरळ वर येत नाही, तडांच्या वाटेने येतो. मातीतली खूण बऱ्याचदा साठ्याच्या डोक्यावर नसून जवळच्या भ्रंशावर असते. चुंबकीय नकाशातले डाइक आणि भ्रंश वर सांगितले होते, त्यांचा उपयोग इथे होतो.

सगळं एका कालपट्टीवर

आता खरं जोडकाम. एक लांब कागद घ्या, आडवा काळ, उभी खोली. त्यावर तीन गोष्टी आखा: गाळ कधी साचला, तो कधी किती खोल आणि किती गरम झाला, घुमट कधी उचलला गेला. पहिली आणि तिसरी मुख्यतः सिस्मिकवरून येते, दुसरी भूरसायनावरून.

आकडे घालून पाहू. जमिनीवर 27 अंश, किलोमीटरला 30 अंशांची वाढ, वर दीड किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली 1 किलोमीटर गाळ धरला, तर गाळाच्या तळाशी आज 102 अंश येतात. तेल बनायला पुरेसं. सोयीचं उत्तर आहे, म्हणूनच ते तपासा. एक तर विहिरीतलं तापमान चिखल फिरवल्यावर लगेच मोजलेलं असतं आणि खऱ्याहून कमी भरतं. हॉर्नर दुरुस्ती केल्याशिवाय ते घेऊ नका. दुसरं, व्हिट्रिनाइट आजचं तापमान सांगत नाही, तो आजवरचं कमाल तापमान जपून ठेवतो. समजा नमुना आज 80 अंशांवर आहे आणि परावर्तकता 1.1 टक्के आली. जवळ सिल नाही हे पाहून झालं. मग हा खडक पूर्वी आजच्यापेक्षा बराच गरम होता. कधी? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बेसॉल्टचा ढीग भूशास्त्रीय हिशोबात फार थोड्या काळात चढला; त्या वेळी तो आजच्याहून जाड होता आणि नंतर झिजला. किती झिजला याचा अंदाज बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरलेल्या झिओलाइटच्या प्रकारांवरून बांधता येतो, आणि खडक केव्हा थंड होऊ लागला हे ॲपटाइटच्या विखंडन-रेषांवरून.

हे खरं असेल तर तेल मुख्यतः त्या काळात तयार झालं आणि पुढे थंड होताना निर्मिती थांबली. आता घुमटाकडे परत जा. नर्मदा-तापीचे जुने भ्रंश नंतरही हलत राहिले. 22 मे 1997 चा 5.8 क्षमतेचा जबलपूरचा भूकंप त्याच पट्ट्यातला. सिस्मिकवर घुमटाबरोबर बेसॉल्टचे थरही वाकलेले दिसत असतील, तर तो घुमट बेसॉल्टनंतर उचलला गेला. तेल निघालं तेव्हा ही जागा सपाट होती. असा घुमट पटावर कितीही देखणा असो, यादीत खाली जावा. उलट, ज्याच्या माथ्यावरचे गाळाचे थर पातळ होत गेलेत आणि वरचा बेसॉल्ट सपाट पडला आहे, तो बेसॉल्टच्या आधीचा. बारका असला तरी तो वर घ्या. बेसॉल्ट झाकण म्हणून बरा असला तरी तरुण भ्रंश त्याला चिरत असतील तर गळतीचा धोकाही वेगळा लिहा.

ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात हीच पद्धत वेगळं उत्तर देते. तिथे तुपी क्षेत्रात तेलावर सुमारे 2 किलोमीटर मिठाचा थर आहे. मीठ उष्णता भराभर वर वाहून नेतं, त्यामुळे खालचा स्रोतखडक त्याच्या खोलीच्या मानाने थंड राहिला आणि तेल तेलच राहिलं. बेसॉल्ट मिठाच्या मानाने उष्णता खूप कमी वाहतो. म्हणून दुसऱ्या खोऱ्यातला उष्णतेचा आलेख उचलून आपल्या नकाशावर डकवू नये.

पहिली विहीर कुठे घ्यावी, यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बेसॉल्टखालच्या अनोळखी खोऱ्यात ती घुमटाच्या माथ्यावर नको. माथ्यावर थर पातळ असतात, काही गायबच असतात. उतारावर, जिथे गाळाचा क्रम पूर्ण मिळेल तिथे घ्या आणि कोअर फक्त वालुकाश्माचा न घेता शेलचाही घ्या. अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्याला शेलचा कोअर उधळपट्टी वाटतो. पण पुढच्या पाच विहिरींचा निर्णय त्याच कोअरवर होणार असतो. विहीर सुरू होण्याआधी अपेक्षित बेसॉल्टचा तळ, गाळाची जाडी, वेग, परावर्तकता हे आकडे त्यांच्या कमीजास्त मर्यादांसह लिहून, तारीख घालून ठेवा. विहीर झाल्यावर कोणता अंदाज किती चुकला त्यावरून कुठल्या पद्धतीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

डेटा कुठून आणायचा? हायड्रोकार्बन महासंचालनालयाचं राष्ट्रीय डेटा भांडार 2017 पासून चालू आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिस्मिक कार्यक्रमात ज्या भागांत फारसं काम झालं नव्हतं तिथे 48,243 किलोमीटर 2डी रेषा घेण्याचं लक्ष्य होतं. संशोधनासाठी विद्यापीठाच्या विभागामार्फत मागणी करता येते. अर्जात नुसता “सिस्मिक डेटा हवा” असं लिहू नका. कोणत्या रेषा, मूळ फील्ड नोंदी हव्यात की प्रोसेस केलेल्या, जवळच्या विहिरींचे लॉग आणि भूरसायनाचे तक्ते हवेत का, हे सगळं वेगवेगळं मागा. प्रबंधाला वेळ कमी असेल तर एकच रेषा, एक विहीर आणि एमटीची चार-पाच केंद्रं एवढंच घेऊन वरचा 0.6 सेकंदांचा हिशोब स्वतःच्या आकड्यांवर करून पाहा. दहा रेषांचे रंगीत पट छापण्यापेक्षा त्यात जास्त काम आहे.